तीच रेघ

...नाण्यावरच्या 'बी' अक्षराच्या पाठीवर, वरच्या गोलाईच्या अगदी टोकाशी, खाच होती. अर्लिसनं सूक्ष्मदर्शकाचं चाक केसभर फिरवलं तशी ती धूसर झाली, उलटं फिरवलं तशी पुन्हा स्वच्छ झाली—पाचरीच्या आकाराची, कोवळी, तांब्याच्या तपकिरी उजेडात नीट बसलेली खाच. शेजारच्या 'ई'च्या तिन्ही आडव्या दांड्यांना तशीच. 'आर'च्या पायाला तर दुसरा पाय फुटला होता, गोलसर, अंगानं भरलेला. सपाट नव्हता. सपाट असता तर तिनं एव्हाना नाणं पुन्हा पुठ्ठ्याच्या चौकटीत घालून, 'थरथर, नोंद नाही' असं लिहून, पाकीट बंदसुद्धा केलं असतं.

चहा बाजूला निवत होता. चहा निवला म्हणजे नाणं बरं आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं—सगळ्यांना म्हणजे तिला आणि तिच्या नवऱ्याला, हार्लनला, आता घरात दुसरं होतं कोण.

नाणं एक सेंटचं, मागे गव्हाच्या लोंब्या असलेलं, सत्तर वर्षांपूर्वीचं. पाठवणारा ओरिन पॅक्स्टन, नेब्रास्कातला, आयुष्यभर शाळेची बस चालवलेला माणूस. पत्रात त्यानं लिहिलं होतं, 'बाई, मला यातलं फारसं कळत नाही, पण हे अक्षर मला दोनदा दिसतं, आणि मी चष्मा पुसून पाहिला आहे.' या वाक्याला अर्लिस सकाळीच हसली होती. आठवड्याला दहा-बारा पाकिटं यायची, बहुतेकांना अक्षरं दोनदा दिसायची, आणि बहुतेकांचं दिसणं खोटं असायचं—नाणं पाडताना ठसा जरा सैल असला की उठताना तो अक्षराच्या अंगाला घासून जातो, अक्षराशेजारी एक चपटी पायरी पडते. याला 'थरथर' म्हणायचं. ती त्या एका नाण्याची, त्या एका ठोक्याची गोष्ट. तिला काही अर्थ नाही. पण ठसा घडवतानाच पोलादावर दोनदा दाब पडला, आणि दुसऱ्या वेळी ते पोलाद एका केसाएवढं फिरलेलं असलं, तर मग चूक ठशातच बसते, आणि त्या ठशाखालून जाणारं प्रत्येक नाणं, दहा हजार असोत की पाच लाख, तीच चूक तशीच्या तशी अंगावर घेऊन बाहेर पडतं. तो दुहेरी ठसा. त्याची नोंद व्हायची, त्याला क्रमांक मिळायचा, आणि क्रमांकापुढे ज्यानं ते पहिल्यांदा पाहिलं त्याचं नाव.

एकतीस वर्षं तिनं दातांच्या कारखान्यात मेणाचे दात कोरले होते. लोकांच्या दाढांवरचे उंचवटे, खळगे, कंगोरे—गोल कुठं संपतो आणि सपाट कुठं सुरू होतो हे तिच्या बोटांनाच कळायचं. हे नाणं खरं होतं. तिनं वही ओढली, तारीख घातली, आणि आता ओळखखूण शोधायची म्हणून—ठशावर ओरखडा असला तर तो नाण्यावर उंच उमटतो, आणि त्यावरून एकाच ठशाची भावंडं ओळखता येतात—नाणं हळूच डावीकडे सरकवलं.

'वाय'च्या शेपटापासून एक रेघ निघाली होती. बारीक, उंच, तिरपी, नाण्यावरच्या माणसाच्या कोटाच्या खांद्याकडे उतरणारी. मधेच एके ठिकाणी तुटलेली, आणि पुन्हा सुरू झालेली.

अर्लिसचा हात थांबला.

खिडकीबाहेर हार्लन काहिलीपुढे उभा होता. मार्चचा शेवट, अंगणात बर्फाचे मळके तुकडे आणि मधेमधे चिखल, मेपलच्या झाडांना टांगलेल्या बादल्या, आणि विटांच्या चुलाणावर पसरट पत्र्याच्या काहिलीत कालपासून आटत असलेला झाडांचा गोड रस. वाफ इतकी की हार्लन कधी कमरेपर्यंत दिसायचा, कधी नुसती टोपी. त्यानं झाऱ्या उचलला, तोंडाशी नेला, मान हलवली. अजून नाही.

ही रेघ मी पाहिली आहे... नाही, असल्या रेघा शेकड्यानं असतात. पण ही तुटते कुठं—ती तुटण्याची जागा. ती जागा तिच्या डोळ्यांनी ओळखली होती. 

अकरा वर्षं झाली. ऑक्टोबर. वाचनालयाच्या तळघरातली सभा, लोखंडी खुर्च्या, कुणीतरी आणलेला भोपळ्याचा केक. नाणेसंग्राहकांच्या मंडळानं तिला परीक्षक नेमलं होतं त्या संध्याकाळी—तीसेक वर्षांत पहिली बाई. टाळ्या झाल्या, आणि टाळ्या ओसरताना वेंडेल क्लॉप, पत्रिकेचा संपादक, तेव्हाही तोच, मोठ्यानं म्हणाला, "चला, आता हार्लनच्या डब्यातलं एकेक नाणं सूचीत येणार म्हणायचं!" सगळे हसले. तीही हसली. हार्लन दाराशी कोट चढवत होता, त्यानं ऐकलं की नाही तिला कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. पण ते हसू घरापर्यंत गाडीत तिच्या शेजारी बसून आलं.

आणि तीन आठवड्यांनी हार्लननं ते नाणं आणलं.

त्याची नाणी म्हणजे काय—वीस-पंचवीस वर्षांचा नाद. जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा, पहाटे तीनला जायचा, दुपारी मोकळा. मग लिलावातून लोंबीवाल्या नाण्यांच्या थैल्या आणायच्या आणि एकेक पालथं करत बसायचं. कधी काही मिळालं नव्हतं. मिळेल असं त्याला रोज वाटायचं आणि न मिळाल्याचं वाईट वाटायचं नाही, हा त्याचा स्वभाव; तिला त्याचा हेवा वाटायचा आणि थोडा रागही यायचा. त्या दिवशी मात्र तो जिन्यातून वर येताना शीळ घालत नव्हता. गप्प येऊन त्यानं नाणं तिच्यापुढे ठेवलं, एखाद्या झोपलेल्या माणसाजवळ दिवा ठेवावा इतक्या हळू.

"हे बघ जरा."

तिनं बघितलं. किती वेळ? ते आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं. नाणं झिजलेलं होतं, पॅक्स्टनच्या नाण्यापेक्षा पुष्कळच. झिजलं की गोल चपटं दिसतं, हे तिला तेव्हाही माहीत होतं. ती म्हणाली, "थरथर आहे."

"पुन्हा बघ ना जरा."

"हार्लन, मी बघितलंय."

एवढंच. तो "बरं" म्हणाला आणि नाणं घेऊन गेला. भांडण नाही, चढा आवाज नाही. जेवणाच्या वेळी त्यानं बटाटे वाढून घेतले, हवेबद्दल बोलला. त्यानंतर त्यानं कधी नाणं दाखवलं नाही, थैल्या यायच्या थांबल्या, आणि बहिणीशी फोनवर बोलताना अर्लिस म्हणाली होती, "सुटला बाई त्याचा तो नाद"... कशी म्हणाली होती ती ते? सुटकेनं? हो, सुटकेनंच.

जुन्या वह्या कपाटाच्या खालच्या खणात होत्या. तिनं तिसऱ्या हिसड्याला खण उघडला. अकरा वर्षांपूर्वीची वही, निळ्या पुठ्ठ्याची, ऑक्टोबर, नोव्हेंबर. तिची सवय होती, नाकारलेल्या नाण्याचंही रेखाटन करायचं. पान सापडलं. ह. टॉलेफसन, एवढंच नाव—'हार्लन' असं सुद्धा लिहिलं नव्हतं. आणि खाली पेन्सिलीनं काढलेलं 'बी', त्याच्या पाठीवर खाच. 'आर'ला दुसरा पाय. 'वाय'च्या शेपटापासून खांद्याकडे जाणारी रेघ, मधे तुटलेली. तुटल्या जागी तिनं बाणसुद्धा काढला होता. आणि या सगळ्याच्या खाली, त्याच पेन्सिलीनं, त्याच हातानं: थरथर. नोंद नाही.

ती जमिनीवरच बसली. गुडघे कुरकुरले. म्हणजे हाताला दिसलं होतं. हातानं सगळं प्रामाणिकपणे काढून ठेवलं होतं, खाच, पाय, रेघ, बाण. आणि मग कुणीतरी दुसरीनंच, खोलीत शिरून, त्याच्याखाली तीन शब्द लिहिले होते... दुसरी कोण? मीच. बायको आहे म्हणून त्याला झुकतं माप नको, असं म्हणणारी मीच. परका कुणी असता—पॅक्स्टन असता—तर मी आणखी एकदा बघितलं असतं. परक्याला मी दोनदा बघते. हार्लनला एकदाच बघितलं आणि त्याला न्याय म्हटलं.

फोन वाजला. वेंडेल.

"अर्लिस, जिवंत आहेस ना? पाचला पानं छापायला जातायत आणि तुझं पान कोरं."

"एक आलंय."

"म्हणजे? खरं?"

"खरं."

"अरे वा! दोन वर्षांनी! कुणाचं?" तिनं नाव-गाव सांगितलं. कागदाची खसखस. "नेब्रास्का... थांब, लिहून घेतो. पहिला शोध, ओरिन पॅक्स्टन. बरोबर? यापूर्वी कुणी पाठवलेलं नाही ना असलं?"

किती साधा प्रश्न. 'नाही' म्हटलं की संपलं. पॅक्स्टनचा आनंद, वेंडेलचं पान, तिचा अकरा वर्षांचा स्वच्छ हिशोब. वही तिच्या मांडीवर उघडी होती, आणि ती वही तिच्याशिवाय जगात कुणी कधी उघडणार नव्हतं.

"तीनपर्यंत सांगते."

"तीनपर्यंत?" वेंडेल हसला. "तू? तू तर माणूस खुर्चीत टेकायच्या आत नाही म्हणतेस. बरी आहेस ना?"

"तीनपर्यंत, वेंडेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी तिनं वाटाण्याचं सूप गरम केलं, राईच्या पावावर हॅम आणि मोहरी लावली आणि ताट घेऊन बाहेर गेली. वाफेचा वास गोड होता, ओल्या लाकडाचा आणि धुराचा. हार्लननं तिच्यासाठी एक बादली पालथी घातली.

"काय गं, आज कुणाचं घर पाडलंस?"

"कुणाचं नाही."

"म्हणजे सुटला बिचारा." त्यानं सूप भुरकलं. त्र्याहत्तर वर्षांचा झाला होता, भुवया पांढऱ्या, वाफेनं ओल्या. "चहा पूर्ण प्यायलीस?"

"नाही."

त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा काहिलीकडे. आता—अर्लिसनं तोंड उघडलं—आता सांगायचं. हार्लन, ते नाणं. कुठलं नाणं म्हणेल तो, आणि मग अकरा वर्षं मागे जाऊन त्या टेबलापाशी दोघांनाही उभं राहावं लागेल. त्यानं नाणं ठेवलं असेल का? नसणार. रागात नव्हे, त्याला राग येतच नाही. सहज, चिल्लर म्हणून, कुठल्याशा दुकानात, मोज्यांच्या जोडीबरोबर. आणि नाणं नसलं तर वहीतल्या रेखाटनाला कोण विचारतो, आणि मग ही कबुली नुसती तिची तिच्यासाठीच. त्याच्या हातात ती काय देणार, तर एक गेलेली वस्तू, आणि वर ती खरी होती ही बातमी. याहून न सांगणंच बरं नाही का? बघा, किती लगेच सापडली वाट.

हार्लननं झाऱ्या बुडवून वर धरला. रस थेंब थेंब पडत होता.

"थेंबांनी पडतोय तोवर रस," तो म्हणाला. "पदरासारखा पसरून पडायला लागला की पाक. अर्धा तास अजून. तळघरातून बरण्या आणतेस? आणि ते लोकरीचं गाळणं. माझ्या कामाच्या टेबलावर असेल."

ती उठली.

तळघरात त्याचं टेबल खिडकीखाली होतं. मासेमारीचे गळ, कानशी, तेलाचा डबा. 'गळांना धार लावतो' म्हणून तो हिवाळाभर दुपारी इथंच असायचा. गाळणं खिळ्याला टांगलेलं होतं, समोरच. ते घेऊन वर जाता आलं असतं. पण टेबलावर एक दिवा होता, वाकड्या मानेचा, आणि त्याच्याखाली टेबलाचं लाकूड एका जागी घासून गुळगुळीत झालेलं—मनगट टेकून टेकून. गळांना धार लावताना मनगट टेकत नाहीत. अर्लिसला ते माहीत होतं. तिच्या वरच्या टेबलालाही तशीच जागा होती.

तिनं खण जोर लावून ओढला. भिंग. मऊ फडकं, भोकं पडलेलं. रिकाम्या थैल्यांची नीट घडी घालून ठेवलेली चवड, आणि वरच्या थैलीवरच्या चिठ्ठीवर गेल्या डिसेंबरची तारीख.

सुटला नव्हता नाद. एक दिवससुद्धा सुटला नव्हता. फक्त तिच्यापर्यंत यायचा थांबला होता.

खणाच्या मागच्या कोपऱ्यात गोळ्यांची एक चपटी डबी होती, आणि डबीत पुठ्ठ्याच्या दोन चौकटी, खिडकीवाल्या. पहिलीत झिजलेलं नाणं. पुठ्ठ्यावर हार्लनच्या मोठ्या, शाळकरी अक्षरात अकरा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, आणि पुढे: 'अ. म्हणते नाही.' दुसरीत तेच साल, नाणं बरंच चांगलं. पाच वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. 'दुसरं मिळालं. तीच रेघ. बरोबर होतो.'

कपडे धुण्याच्या यंत्राला पाठ टेकून ती उभी राहिली. आधी आला तो आनंद होता, याचं तिला पुढेही नवल वाटत राहिलं. नाणं होतं! दोन होती, वरचं धरून तीन. एकाच ठशाची तीन भावंडं, आता कुणाच्या बापाची हिंमत नव्हती थरथर म्हणायची. आणि त्या आनंदाच्या मागोमाग, तो बसतो न बसतो तोच, दुसरं सगळं आत आलं. पाच वर्षं. पाच वर्षं याला नक्की ठाऊक आहे. अंदाजानं नव्हे, हट्टानं नव्हे, पुराव्यानिशी. रोज सकाळी माझ्यासमोर बसून टोस्टला लोणी लावतो, मी पाकिटं फोडते, मी 'नाही, नाही, हेही नाही' म्हणते, आणि हा ऐकतो आणि डबीतलं त्याला माहीत असतं. दया केली माझ्यावर? आजारी माणसापासून बातमी लपवतात तसं? काय दिसत असेन मी त्याला, की माझी एक चूक मला सांगायची तर पाच वर्षं धीर झाला नाही...

रागानं तिचे कान तापले. आणि त्या रागालाही धड उभं राहायला जागा नव्हती, कारण ज्याच्यावर रागवायचं तो बरोबर होता आणि जी रागवत होती ती चुकली होती. बरण्यांचं खोकं, वर गाळणं, मुठीत डबी, अशी ती जिना चढली.

हार्लननं आधी डबी पाहिली, मग तिचं तोंड.

"खण घट्ट आहे तो," तो म्हणाला. "मला वाटलं होतं उघडायचा नाही तुला."

"तिसरं आलंय. नेब्रास्काहून. सकाळी."

तो झाऱ्या ढवळत राहिला.

"सांगितलं का नाहीस मला?"

"पहिल्यांदा?"

"दोन्ही वेळा."

"पहिल्यांदा तर मला तरी कुठं खात्री होती. आणि वेंडेल जे बोलला ते मी ऐकलं होतं की. कोट घालत होतो, बहिरा नव्हतो झालो." त्यानं जाळात एक लाकूड सारलं. "तुला नाही म्हणणं भाग होतं. मला वाटलं, असू दे. नवी नवी नेमणूक आहे."

"मला भाग नव्हतं. मी चुकले."

"बरं, चुकलीस."

इतक्या सरळपणे तो हे म्हणाला की तिला बसावंसं वाटलं. ती पालथ्या बादलीवर बसली.

"आणि दुसरं सापडलं तेव्हा? तेव्हा तर खात्री होती."

या वेळी त्याला वेळ लागला. वाफ एका बाजूला वळली आणि त्याचा चेहरा पूर्ण दिसला. तो लाजलेला होता.

"तेव्हा जिना धावत चढलो होतो मी. अर्ध्यापर्यंत. तू वर कुणाशी तरी फोनवर होतीस, हसत होतीस. म्हटलं नंतर सांगू. मग नंतरच्या आठवड्यात म्हटलं, पुढच्या आठवड्यात. आणि मग..." त्यानं टोपी मागे सारली. "खरं सांगू? बरं वाटायला लागलं. मला एक ठाऊक आहे आणि अर्लिसला नाही. पंचेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. तू कुणाला नाही म्हणालीस की मी मनात म्हणायचो, बघा, आमच्या न्यायाधीशबाई! आणि खाली जाऊन डबी उघडून बघायचो. चांगली गोष्ट नाही ही. पण असं होतं."

अर्लिस त्याच्याकडे बघत राहिली. दया नव्हती तर. पाच वर्षं तिच्याच घरात, तिच्याच पायांखाली, हा माणूस मनातल्या मनात खूश होऊन तिला हसत होता—लबाड! तिला राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण कानापर्यंत पोचायच्या आत त्याचं काहीतरी दुसरंच झालं आणि तिच्या नाकातून फुर्रकन हसू बाहेर पडलं.

"मी इतकी वाईट आहे का रे?"

"वाईट नाहीस." तो खरोखर विचार करत होता. "अवघड आहेस."

"अवघड."

"जिना आहे ना आपला, तसा. चढता येतो की. पण गुडघे दुखत असले की माणूस खालीच..." आणि तो एकदम ओरडला, "अगं, लोणी! लोणी दे!" काहिलीत फेस उसळून काठाशी आला होता. तिनं ताटातला लोण्याचा तुकडा उचलून सरळ हातानंच टाकला. फेस थबकला, सुस्कारा टाकून बसला. हार्लननं झाऱ्या वर धरला. पाक आता थेंबांनी पडत नव्हता, पदर सुटावा तसा रुंद, सोनेरी पसरून पडला. मग बोलायला कुणाला उसंत होती—काहील उतरवा, गाळा, बरण्या भरा. दोघांची बोटं चिकट, आणि ती मधेच घड्याळ बघते तो सव्वातीन.

तिनं स्वयंपाकघरातून वेंडेलला फोन लावला. हार्लन दाराशी हात पुसत उभा राहिला. ती त्याला आत जा किंवा बाहेर जा म्हणाली नाही.

"लिहून घे," ती म्हणाली. "पहिला शोध, हार्लन टॉलेफसन. अकरा वर्षांपूर्वी. परीक्षकानं चुकीनं नाकारलं. परीक्षक अर्लिस टॉलेफसन. दुसरं नाणंही त्याचंच. तिसरं ओरिन पॅक्स्टन, आणि त्याच्यामुळे हे उघडकीस आलं, हेसुद्धा लिही. मी त्याला वेगळं पत्र टाकते."

वेंडेलनं सगळं लिहून घेतलं.

"अर्लिस, हे असंच छापायचं?"

"असंच."

"लोक बोलतील गं. नवऱ्याचं नाणं... आणि तेही अकरा वर्षांनी. म्हणतील नेब्रास्कावाल्याचा मान ओढून घरात घेतला."

"वहीचं पान पाठवते. रेघ आहे त्यात, तारीख आहे, आणि तिन्ही नाणी समितीपुढे ठेवते."

"समितीपुढे तर हे जाईलच. तुझं परीक्षकपद..." तो थांबला. "मला काही सांगता येत नाही."

"नको सांगूस."

"आणि मागं मी काहीतरी बोललो होतो, नाही का? त्या सभेत?" वेंडेलचा आवाज जरा खाली आला. "केक होता भोपळ्याचा."

"बोलला होतास. पण 'नाही' मी म्हटलं, वेंडेल. तू नाही."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. समितीत काय होईल ते होईल, एप्रिलच्या सभेत त्या लोखंडी खुर्च्यांवर कोण काय बोलेल तेही ती आताच ऐकू शकत होती. पॅक्स्टनला काय वाटेल हे मात्र कळत नव्हतं, आणि ते सगळ्यात जास्त लागत होतं. कपाटातल्या निळ्या वह्या डोळ्यांपुढे आल्या—अकरा वर्षं, शेकडो रेखाटनं, शेकडो 'नोंद नाही'. त्यांतली किती बरोबर? बहुतेक. पण बहुतेकच. एखादी-दोन बाकी कुठंतरी, कुणाच्या तरी खणात, पुठ्ठ्यावर तिचं नाव लिहून... ही कल्पना भयंकर असायला हवी होती. आणि तिच्या मनात आलं ते असं की उद्यापासून पहिल्या वहीपासून बसायचं. एकेक पान. शंका येईल त्याला पत्र टाकायचं: कृपा करून पुन्हा पाठवा, मला आणखी एकदा बघायचं आहे. कितीतरी काम होतं. सकाळी लवकर उठावंसं वाटेल असं काम.

"नावापुढे क्रमांक कितवा येतो?" हार्लननं विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं.

"पत्रिका आल्यावर बघ."

"नाही, म्हणजे साधारण."

तिनं सांगितला. त्यानं ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिला, मग तळघरात गेला, आणि बऱ्याच वेळानं वर आला तो हातात बुटांच्या खोक्याचं झाकण घेऊन, त्यावर पंधरा-वीस चौकटी रांगेनं मांडलेल्या. ते त्यानं तिच्या टेबलाच्या कडेला ठेवलं, पण हात काढला नाही.

"हीही आहेत. घाई नाही. काही नसेलच बहुतेक यांत."

ऊन अजून खिडकीत होतं. अर्लिसनं चिकट बोटं पुन्हा एकदा धुतली, कोरडी केली आणि पहिली चौकट उचलली. पाच सेंटचं, जुनं, काळवंडलेलं. चाक फिरवलं. धूसर, स्वच्छ. सालाच्या शेवटच्या आकड्याच्या पोटात काहीतरी होतं, एक अगदी बारीक वळण, किंवा घाण, किंवा झीज, किंवा खरंच दुसऱ्या आकड्याची पाठ. हार्लन तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला, त्याच्या कपड्यांना धुराचा वास होता. 'नाही' तिच्या जिभेवर आलं, नेहमीच्या जागी येऊन उभं राहिलं. तिनं नाणं थोडं फिरवलं. प्रकाश दुसऱ्या बाजूनं घेतला.

"काय वाटतं?" त्यानं विचारलं.

तिनं आणखी एकदा बघितलं. आणखी एकदा.

"माहीत नाही," ती म्हणाली.

आणि हे म्हणताना तिला इतकं ऐसपैस वाटलं की तिनं लगेच पुन्हा डोळा लावला नाही. तशीच बसून राहिली थोडा वेळ, त्या माहीत नसण्यात.